राजीनाम्याआधी प्रमाणपत्र: वाढत जाणाऱ्या आजारात लाभांचा क्रम कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा: यजमानांचे वय ४९. पार्किन्सन्सचे निदान होऊन तीन वर्षे झाली. पीथमपूरच्या खासगी कारखान्यात ११ वर्षे नोकरी, पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) मर्यादेच्या वर. घर इंदूरला, सुदामानगरात. गोळी लागू असते तोवर बरे चालते, दुपारनंतर हात आखडतो, पाय अडकतात. घरचे म्हणतात, नोकरी सोडून आराम करावा, प्रमाणपत्राचे पुढे पाहू. दिव्यांग प्रमाणपत्र आत्ता काढावे की आजार वाढल्यावर? आणि लाभ कोणते मिळतील?

घरच्यांची माया खरी, पण त्यांनी सांगितलेला क्रम उलटा आहे. अपघातात अपंगत्व एका दिवशी येते आणि तारीख कागदावर आपोआप चढते. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचे आजार यांत अशी तारीख नसते. ती आपल्यालाच कागदपत्रांतून उभी करावी लागते. कायद्यातले बरेच लाभ मात्र ‘नोकरीत असताना’ या दोन शब्दांवर टांगलेले आहेत. आधी राजीनामा आणि मग प्रमाणपत्र असे झाले, की आजार तोच, माणूस तोच, पण हक्क गेलेला असतो.

सर्वांत मोठे उदाहरण पीएफच्या पेन्शनचे. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये अपंगत्व पेन्शनची वेगळी तरतूद आहे. सभासद नोकरीत असताना कायमचा आणि पूर्णपणे अक्षम झाला, तर १० वर्षांच्या सेवेची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. वयाचीही वाट पाहावी लागत नाही. यात ‘पूर्णपणे अक्षम’चा अर्थ अंथरुणाला खिळलेला असा नाही. त्या वेळी जे काम तो करत होता त्यासाठी तो कायमचा अयोग्य झाला आहे का, हे वैद्यकीय मंडळ तपासते. यजमानांच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा: पेन्शनपात्र पगार १५,००० च्या कमाल मर्यादेने धरला, तर १५,००० गुणिले ११ वर्षे भागिले ७०, म्हणजे महिना सुमारे २,३५७ रुपये. रक्कम छोटी आहे, पण आयुष्यभराची आहे आणि माघारी पत्नीला पेन्शन लागू होते. आता तेच त्यांनी नुसता राजीनामा दिला तर? नोकरी सुटल्यावर आलेले पूर्ण अपंगत्व या तरतुदीत बसत नाही. मग साधी पेन्शन ५८ व्या वर्षी. किंवा ५० नंतर मुदतपूर्व, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितके दर वर्षामागे ४ टक्के कापून.

इथे फॉर्मची चूक फार होते. नोकरी सुटली की एजंट मंडळी सवयीने पीएफ काढण्याचे नेहमीचे १९ आणि १०-सी हे फॉर्म भरून मोकळी होतात. अपंगत्व पेन्शनचा अर्ज १०-डी वर, पेन्शनच्या प्रकारात अपंगत्वाचा पर्याय निवडून करायचा असतो. पीएफच्या नोंदीत कंपनीने नोकरी सोडण्याचे कारण काय टाकले आहे, तेही पाहून घ्या. तिथे ‘राजीनामा’ लिहिले गेले तर पुढचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दाशी भांडण्यात जातो.

म्हणून माझा सल्ला: आत्ता राजीनामा नको, आधी कामात बदल मागा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स ही दोन नावे स्पष्ट आहेत. या कायद्याने समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही लावले आहे. एचआरला लेखी अर्ज द्या: फिरत्या यंत्रावरून स्टोअर किंवा नियोजनाच्या टेबलावर बदली, रात्रपाळीतून सूट, गोळीच्या वेळांना धरून दोन छोट्या सुट्या. प्रत ठेवा, पोच घ्या. तोंडी मागितलेला बदल पुढे कुणालाच आठवत नाही.

या बदलात दोन खाचा आहेत. हलक्या कामाबरोबर पगारही कमी केला, तर ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते म्हणून सगळ्या ११ वर्षांचे नुकसान होईल, अशी भीती असते. तसे होऊ नये म्हणून ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सोय आहे: अपंगत्वाआधीच्या काळाची ग्रॅच्युइटी तेव्हाच्या पगारावर आणि नंतरच्या काळाची कमी पगारावर. पण त्यासाठी ‘अपंगत्वामुळे अमुक तारखेपासून कमी वेतनाच्या कामावर’ असे पत्र कंपनीकडून हवे. दुसरी खाच पेन्शनची. मंडळ त्या वेळच्या कामाची योग्यता पाहते, त्यामुळे स्टोअरमध्ये गेल्यावर कसोटीही स्टोअरच्या कामाची लागेल. तरीही मी हलके कामच घ्या म्हणेन. अडीच हजारांच्या पेन्शनसाठी चालू पगार सोडण्यात शहाणपण नाही.

पुढे कधी काम थांबवायची वेळ आली, की पत्रातले कारण नीट लिहा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द चुकूनही नकोत. लिहायचे ते असे: ‘पार्किन्सन्स आजाराने आलेल्या कायमस्वरूपी अपंगत्वामुळे सध्याचे काम करण्यास असमर्थ असल्याने सेवा समाप्त करण्यात यावी, दिव्यांग प्रमाणपत्र व न्यूरोलॉजिस्टचा अहवाल सोबत जोडला आहे.’ या एका वाक्यावर बरेच उभे राहते. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आहे त्यांनाही अपंगत्वामुळे सेवा संपल्यास ग्रॅच्युइटी मिळते. पीएफ पाच वर्षांच्या आत काढला तर लागणारा करही आजारपणामुळे नोकरी सुटली असल्यास लागत नाही. उलट कंपनीने सततच्या आजारपणाच्या कारणावरून स्वतः काढले, तर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ती ‘छाटणी’ होत नसे आणि छाटणीची भरपाईही मिळत नसे. नव्या संहितेत काय मिळते ते आधी विचारून घ्या. तेव्हा ‘कंपनीलाच काढू दे, पैसे मिळतील’ या भरवशावर बसू नका.

आता प्रमाणपत्र. ते आत्ताच काढा. बहुतेक लाभांना लागणाऱ्या ४० टक्क्यांच्या खाली अपंगत्व निघण्याची धाकधूक असते, ती समजण्यासारखी आहे. पण कमी टक्क्यांचा कागदही ‘या तारखेला आजार या टप्प्यावर होता’ याचा सरकारी पुरावा असतो आणि पुढच्या मूल्यमापनाला पायरी म्हणून उपयोगी पडतो. शिवाय वाढत्या आजारात मंडळ बहुधा ठरावीक मुदतीचे, म्हणजे पुनर्तपासणी लागणारे प्रमाणपत्र देते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. आजार वाढला की टक्के वाढवून घेण्याचा रस्ता तोच आहे. संपण्याची तारीख मात्र घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहा. २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली आहे, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज किमान चार महिने आधी टाकावा.

अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशव्यापी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन होतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा लागतो. नोकरी पीथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात असली, तरी अर्ज राहत्या पत्त्याच्या जिल्ह्यात, इंदूरमध्येच करायचा. नियमांत दुसरा पर्यायही आहे: ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे. एम. वाय. रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजीत दाखवत असाल तर तिथले कागद उपयोगी पडतील. जिल्हा मंडळावर दर वेळी न्यूरोलॉजिस्ट असेलच असे नाही, मग मेडिकल कॉलेजकडे पाठवतात आणि एक खेप वाढते. तो अहवाल आधीच हातात असला तर खेप वाचते.

नावाची भानगड आपल्या मराठी घरांत नेहमीची. आधारवर ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकात) मधले नाव गायब, पॅनवर फक्त आद्याक्षर, आणि बायकांच्या बाबतीत माहेर-सासर दोन्ही. समग्रच्या ९ अंकी सदस्य क्रमांकाची ई-केवायसी आधारशी जुळली नाही, तर मध्य प्रदेशातल्या योजनांचे अर्ज पुढे सरकत नाहीत. पोर्टलवर बसण्याआधी आठवडाभर यालाच द्या. आणि ज्यांचे आई-वडील सहा महिने पुण्याला मुलाकडे, सहा महिने इंदूरला, त्यांनी आधारचा पत्ता एकाच ठिकाणी पक्का करावा. यूडीआयडी कार्ड देशभर चालते, पण राज्याची पेन्शन राज्याच्या रहिवाशालाच मिळते.

मंडळापुढे काय न्यावे, यावर टक्के फार अवलंबून असतात. मंडळ आजाराच्या नावाला टक्के देत नाही, आजाराने शरीराचे कोणते काम किती अडले त्याला देते. पार्किन्सन्सचा घोळ असा, की लेव्होडोपाची, म्हणजे या आजारातल्या मुख्य औषधाची, गोळी चढलेली असताना माणूस ताठ चालत आत जातो, खुर्चीवर बसतो, शर्टाचे बटण लावून दाखवतो. तासाभराने तोच माणूस दारात खिळून उभा राहतो, पण तेव्हा मंडळ उठलेले असते. यावर उपाय म्हणून काही जण त्या दिवशी गोळीच बुडवतात. हे करू नका. अचानक औषध तोडल्याने पडणे, गिळायला अडचण, कधी जिवावर बेतणारी अवस्थाही होऊ शकते. त्याऐवजी न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या: आजार किती पुढे गेला ते सांगणाऱ्या होन-यार मापनावर पाचपैकी टप्पा कोणता, गोळी लागू असताना आणि उतरल्यावर तपासणीचे गुण काय, दिवसातले किती तास ‘उतरलेले’ जातात. दोन आठवड्यांची वही ठेवा: गोळीची वेळ, चाल कधी अडकली, किती वेळा तोल गेला, आंघोळीला किती वेळ आणि कुणाची मदत. उतरलेल्या अवस्थेतले चालण्याचे, खुर्चीतून उठण्याचे आणि लिहिण्याचे दोन-दोन मिनिटांचे मोबाइल चित्रण करा. मंडळाने पाहिले नाही तरी न्यूरोलॉजिस्ट पाहतील आणि त्यांच्या अहवालात ते उतरेल.

चालण्याबरोबर बोलणे पुटपुटते झाले असेल, स्मरणशक्तीवर परिणाम असेल, तर तेही सांगा आणि त्याचा वेगळा अहवाल जोडा. रुग्ण मंडळी लाजून किंवा ‘एवढे काय त्यात’ म्हणून हे गाळतात. एकाहून अधिक अपंगत्वांची बेरीज सरळ होत नाही, तिचे सूत्र आहे: मोठ्या आकड्यात, धाकटा आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०, मिळवायचे. चलनाचे ४५ आणि वाचेचे २० टक्के असतील, तर ४५ अधिक २० गुणिले ४५ भागिले ९०, म्हणजे ५५ टक्के, ६५ नव्हे. तरी दहा टक्क्यांचा फरक पडलाच. निर्णय पटला नाही, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे.

दोन आकडे ध्यानात ठेवा, ४० आणि ८०. बहुतेक लाभ ४० ला सुरू होतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला ८० टक्के किंवा बहुविकलांगता आणि शिवाय दारिद्र्यरेषेची अट आहे. त्यात केंद्राचा वाटा अवघा ३०० रुपये, वर राज्य भर घालते. तुमच्या घराला ती बहुधा लागू होणार नाही, त्यासाठी खेटे घालू नका. निरामय आरोग्य विमाही नॅशनल ट्रस्टच्या चारच गटांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. पुढे काठी, वॉकर, व्हीलचेअर लागेल तेव्हा केंद्राची सहाय्यक साधनांची एडिप योजना आहे. महिना उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन विनामूल्य. त्याची चौकशी परदेशीपुऱ्यातल्या सामाजिक न्याय विभागाच्या परिसरात करावी. रेल्वेच्या सवलतीला यूडीआयडीशिवाय रेल्वेचे स्वतंत्र कार्ड काढावे लागते आणि त्यात सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही असा दाखला लागतो. इंदूर रतलाम मंडळात येते. कुठे अर्ज नुसता पडून राहिला, तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, आणि तरीही हलले नाही तर मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई आहे. तिथे कैफियत नको. अर्ज क्रमांक, तारीख आणि हवी असलेली एकच गोष्ट, अर्ध्या पानात.

आयकराचे पाहू. आयकर कायद्याच्या कलम ८०-यू खाली स्वतःच्या अपंगत्वासाठी ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची सरसकट वजावट आहे. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. यजमानांचे उत्पन्न थांबून ते तुमच्यावर अवलंबून झाले, तर तेवढीच वजावट ८०-डीडी खाली तुम्हाला मिळते; दोघांना एकाच वेळी नाही. ८०-डीडीबी वेगळी: प्रत्यक्ष उपचारखर्चाची, ४०,०००, ज्येष्ठांना १,००,००० पर्यंत, विम्यातून मिळालेले वजा करून. मज्जासंस्थेच्या आजारांत तिलाही ४० टक्के अपंगत्व आणि न्यूरोलॉजिस्टचे लेखी प्रिस्क्रिप्शन लागते. तिच्या यादीत पार्किन्सन्स आहे, मोटर न्यूरॉन आजार आहे, पण मल्टिपल स्क्लेरोसिस नाही. आणि दिव्यांग कायद्याच्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मोटर न्यूरॉनचे नाव नाही! दोन याद्या करणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडली नसावी. असो. १९६१ च्या आयकर कायद्यातली अपंगत्वाची व्याख्या १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्याच्या वर्गांवर बेतलेली आहे, म्हणून प्रमाणपत्रावर आजाराच्या नावाबरोबर ‘चलनविषयक अपंगत्व’ हे शब्द असतील याची खात्री तिथेच मंडळापुढे करून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएशी बोलताना वजावटीचे नाव सांगा, क्रमांक नको. या तिन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत एरवीही कर येत नाही, मग वजावटीसाठी जुनीत राहण्यात अर्थ नाही. मुदतीचे प्रमाणपत्र ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापुरती वजावट चालते, पुढच्या वर्षी नवे लागतेच.

वाचणाऱ्यांत कुणाचा पगार २१,००० पर्यंत असेल, तर त्यांच्यासाठी ईएसआय. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत विस्तारित आजारपण लाभ आहे: साध्या लाभाचे ९१ दिवस ७० टक्के पगार, त्यानंतर ८० टक्के, मिळून दोन वर्षांपर्यंत. पार्किन्सन्स आणि स्नायुक्षयाचे आजार त्या यादीत आहेत. अट दोन वर्षांच्या सलग नोकरीची आणि मागच्या चार वर्गणी-कालखंडांत १५६ दिवस वर्गणीची. इथेही नोकरी सोडून मग दवाखान्यात गेलेला माणूस हात हलवत परततो.

आणि घरात कुणी सरकारी, बँकेत, महामंडळात किंवा अनुदानित शाळेत असेल, तर त्यांची स्थिती पुष्कळ बळकट आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. तेच काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, तेही नसेल तर निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येहून जादा निर्माण केलेले) पद. १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या अशाच संरक्षणाबद्दल कुणाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले, की अशक्तता पेन्शन मिळते म्हणून हे संरक्षण संपत नाही. भगवान दास प्रकरण तर प्रत्येक कर्मचारी संघटनेच्या फलकावर लावण्यासारखे. पंजाबच्या वीज मंडळातला लाइनमन नोकरीत आंधळा झाला, हक्क ठाऊक नसल्याने त्याने निवृत्ती मागितली, मंडळाने ती मंजूर केली. हक्क सांगणे हे मंडळाचे काम होते, असे म्हणत न्यायालयाने २००८ मध्ये त्याला सेवेत मानले. म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कारकुनाने पुढे केला तरी सही करू नये.

आरोग्य विमा सुटतो तोही राजीनाम्याबरोबरच. कंपनीची सामूहिक पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते आणि निदानानंतर नवी वैयक्तिक पॉलिसी मिळवणे अवघड. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती नोकरीत असतानाच करा. गृहकर्जासोबत किंवा आयुर्विम्यात गंभीर आजाराचे संरक्षण घेतले होते का, तेही कपाट उघडून पाहा. अपघात विम्यावर आशा ठेवू नका, तो आजाराला लागू नसतो.

शेवटी बँक, जी सगळ्यांच्या यादीतून निसटते. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जाते आणि सही पहिल्यासारखी येत नाही. धनादेश परत येऊ लागले, की मग धावपळ. आत्ताच शाखेत जाऊन नव्या सहीचा नमुना द्या, खाते ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचे करा, प्रत्येक ठेवीला, पीएफला, डीमॅटला नामनिर्देशन तपासा. सही अजिबात जमेनाशी झाली, तर बँकेने दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असतो. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली, की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. मृत्युपत्र आणि घराचे कागद समज लख्ख असताना करावेत, सोबत न्यूरोलॉजिस्टचा त्याच आठवड्यातला ‘स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतात’ असा दाखला जोडावा, आणि उपनिबंधकाकडे जाण्याची वेळ गोळी घेतल्यानंतरच्या चांगल्या तासातली ठरवावी.